वाचकांचे प्रश्न : मुंबईतला ऑक्टोबरफेस्ट

गणपती आटोपले की मुंबईतल्या अनेक उपाहारगृहांच्या दारांवर शंकरपाळ्याच्या आकाराच्या निळ्या-पांढऱ्या चौकटींच्या पताका लागतात आणि त्या पाठोपाठ या सदराकडे जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांताच्या ऑक्टोबरफेस्ट या बिअरच्या उत्सवाविषयी पत्रे येऊ लागतात. तो जिथे भरतो त्या म्युनिकमध्ये मी चार वर्षे राहिले असल्यामुळे संपादकांनी यंदा ती सारी पत्रे माझ्याकडे सोपवली. त्यांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : ऑक्टोबरफेस्ट सप्टेंबरमध्येच सुरू होतो, मग त्याला ऑक्टोबरचे नाव का? शिवाय त्या सुमारास आपल्याकडे कधी पितृपक्ष असतो, तर कधी नवरात्र. मुंबईत हा उत्सव करायचा तर कधी करावा? — एक वाचक, गिरगाव

उत्तर : या उत्सवाचे मूळ एका लग्नात आहे. १२ ऑक्टोबर १८१० रोजी बव्हेरियाचा युवराज लुडविग याचा राजकन्या तेरेसे हिच्याशी विवाह झाला आणि नगरजनांनाही त्या आनंदात वाटा मिळावा म्हणून १७ ऑक्टोबरला शहराच्या वेशीबाहेरच्या माळावर घोड्यांची शर्यत भरवण्यात आली. त्या माळाला वधूच्या नावावरून तेरेसिएनवीझे हे नाव पडले. म्युनिककर आजही या उत्सवाला लाडाने 'वीझन', म्हणजे कुरण, एवढेच म्हणतात. दुसऱ्याच वर्षी शर्यतीला शेतीच्या प्रदर्शनाची जोड मिळाली. बिअरचे प्रचंड तंबू फार नंतरचे. ऑक्टोबरच्या अखेरीस तिथल्या रात्री गारठू लागतात, त्यामुळे पुढे उत्सव अलीकडे ओढला गेला. आता १५ सप्टेंबरनंतरच्या शनिवारी दुपारी बारा वाजता म्युनिकचे महापौर लाकडी पिंपाला हातोड्याने तोटी ठोकतात, 'ओत्साप्फ्ट इस!' म्हणजे 'पिंप फुटले!' अशी आरोळी देतात, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारच्या आसपास सगळे संपते. (योगायोग असा की, मुंबईतला ईस्ट इंडियन समाज आपला सुगीचा आगेरा साजरा करतो तोही ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी.)

मुंबईकराने म्युनिकच्या तारखा जशाच्या तशा पाळण्याचा हट्ट धरू नये, असे मला मनापासून वाटते. २ ऑक्टोबरला गांधी जयंतीचा ड्राय डे असतो, अनंत चतुर्दशीलाही मद्यविक्री बंद असते, आणि ज्या घरात घट बसले आहेत किंवा ज्या घरी पक्ष व्हायचा आहे त्या घराला अशा बेताचे आमंत्रण देऊन संकोचात टाकणे बरे नव्हे. दसरा झाल्यानंतरचा पहिला शनिवार मला सर्वांत सोयीचा वाटतो. मूळ लग्न ऑक्टोबरमध्येच लागले होते, त्यामुळे नावाशीही प्रतारणा होत नाही, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात संध्याकाळी गार बिअरचे जे मोल असते ते गारठलेल्या म्युनिककरांना कळणारही नाही.

प्रश्न : माझा मुलगा म्युनिकजवळ शिकतो. तिथे त्याने पाजलेली बिअर आणि इथे बरेच पैसे मोजून आणलेली त्याच कंपनीची बाटली यांत काडीचेही साम्य नव्हते. दोष माझ्या जिभेचा की बाटलीचा? — एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : आपली जीभ अगदी ठिकाणावर आहे. बिअर ही लोणच्यासारखी मुरत जाणारी वस्तू नाही. एखादा अपवाद सोडला तर ती पावासारखी असते, भट्टीतून निघाल्या दिवसापासून उतरणीला लागणारी. जहाजातल्या कंटेनरमधले आठवडे, मग गोदाम, मग दुकानाच्या काचेतून येणारे ऊन, एवढे सोसून ती आपल्या हाती पडते. उष्णतेने आणि बाटलीत राहिलेल्या थोड्याशा हवेने तिला ओल्या पुठ्ठ्याचा वास येऊ लागतो. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी एका वेलीची फुले, त्यांतल्या कडवट घटकांवर उजेड पडला की उग्र, नकोसा दर्प तयार होतो. तपकिरी काच हा उजेड बराचसा अडवते, हिरवी आणि पांढरी काच फारसा अडवत नाही.

गेल्या वर्षी मी स्वतः उपनगरातल्या एका दुकानातून एक नामांकित जर्मन बाटली आणली. घरी येऊन पाठीमागची चिठ्ठी वाचली तेव्हा 'मिंडेस्टेन्स हाल्टबार बिस' या शब्दांपुढे चार महिन्यांपूर्वी उलटून गेलेली तारीख होती. दुकानदाराला विचारले तर तो म्हणाला, "मॅडम, इम्पोर्टेड माल आहे, त्याला काही होत नाही." त्याला पुष्कळ काही झालेले होते. तेव्हा हे तीन जर्मन शब्द आपण लक्षात ठेवावेत. त्यांचा अर्थ 'किमान या तारखेपर्यंत उत्तम' असा आहे. तारीख निदान पाच-सहा महिने पुढची असेल आणि बाटली फ्रिजमध्ये किंवा सावलीत ठेवलेली असेल, तरच पैसे मोजावेत.

या ताजेपणाच्या आग्रहामागे बव्हेरियाचा मोठा इतिहास आहे. २३ एप्रिल १५१६ रोजी इंगोलश्टाट येथे जारी झालेल्या फर्मानाने बिअरमध्ये फक्त पाणी, बार्ली आणि हॉप्स वापरण्याची मुभा दिली. यीस्टचा उल्लेख त्यात नाही. पुढे १५५३ मध्ये २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर बनवण्यावरच बंदी आली, कारण उन्हाळ्यात ती नासत असे आणि भट्ट्यांमुळे आगीचीही भीती असे. मग मार्च महिन्यातच जरा जास्त जोमदार बिअर बनवून ती थंड तळघरांत साठवू लागले. मार्चची म्हणून ती 'मेर्त्सेन'. तळघरांवर सावली राहावी यासाठी चेस्टनटची झाडे लावली गेली, त्या झाडांखाली बाके आली, आणि आज जगभर ज्यांना बिअर गार्डन म्हणतात त्या जागा अशा जन्माला आल्या. तांबूस, भाजलेल्या पावासारख्या चवीची मेर्त्सेन हीच पूर्वी ऑक्टोबरफेस्टची ओळख होती. आता तंबूंत जी मिळते ती सोनेरी आणि पिण्यास हलकी वाटणारी असते, पण तिच्यात सुमारे ६ टक्के मद्यांश असतो. तंबूंत बिअर पुरवण्याचा मान म्युनिक शहरातल्या फक्त सहा भट्ट्यांना आहे : आउगुस्टिनर, हाकर-प्शोर, होफब्रॉय, लोएवेनब्रॉय, पाउलानर आणि श्पाटेन.

म्हणून माझा सल्ला कदाचित आपल्याला अनपेक्षित वाटेल. मुंबईत जर्मन बिअरची खरी चव घ्यायची असेल, तर जर्मन पद्धतीने इथेच बनलेली ताजी बिअर शोधावी. २००९ साली पुण्यात दूलाली ही ताजी बिअर जागीच बनवणारी छोटी भट्टी सुरू झाली, त्यानंतर मुंबईतही अशा छोट्या भट्ट्या उभ्या राहिल्या आणि त्यांतल्या अनेकांकडे गव्हाची बिअर, म्हणजे हेफेवाइत्सेन, नळावर मिळते. जर्मनीतल्या नियमाप्रमाणे हिच्या माल्टमध्ये, म्हणजे भिजवून, मोड आणून, भट्टीत वाळवलेल्या धान्यात, निम्म्याहून कमी गहू चालत नाही. तिचा सुगंध मात्र गव्हातून येत नाही, तो यीस्टमधून येतो. पेला नाकाशी नेला की पिकलेल्या वेलची केळ्याचा आणि मागून लवंगेचा वास येतो, तोही केळे किंवा लवंग यांचा कणभरही न घालता. म्युनिकहून दोन महिन्यांपूर्वी निघालेल्या बाटलीपेक्षा दहा दिवसांपूर्वी परळला किंवा अंधेरीला तयार झालेली हेफेवाइत्सेन म्युनिकच्या कितीतरी जवळची असते.

बाटलीतली गव्हाची बिअर आणलीच, तर ती ओतण्याची रीत पाळावी. उंच पेला आधी गार पाण्याने विसळून ओलाच ठेवावा. त्याला साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला तर फेस धरत नाही. पेला तिरका करून बिअर कडेने सावकाश सोडावी, दोन बोटे बिअर बाटलीत राहिली की थांबावे, बाटली गोल हलवून तळाशी बसलेले यीस्ट मोकळे करावे आणि मग तो गढूळ शेवट वरून ओतावा. सोनेरी बिअरमध्ये दुधट धूर पसरल्यासारखा दिसतो आणि वर चार बोटे पांढरा फेस चढतो. बर्फ कधीही घालू नये, आणि बाटली फ्रीजरमध्येही ठेवू नये. सात-आठ अंशांवर जी चव कळते ती शून्याजवळ बधिर होऊन जाते.

प्रश्न : सोसायटीच्या गच्चीवर तीसेक जणांचा कार्यक्रम करायचा आहे. परवानगी लागते का? — एक वाचक, दादर

उत्तर : लागते. पाहुण्यांना मद्य द्यायचे असेल, तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून एक दिवसाचा परवाना घ्यावा. महाराष्ट्रात मद्य पिणाऱ्यालाही परमिट लागते आणि बिअरसाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात, ही गोष्ट आपल्याकडे सर्रास विसरली जाते. सोसायटीच्या कार्यकारिणीची लेखी संमती आधीच घ्यावी. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावाच लागतो, पण त्याआधीही आवाजाला आवर असावा. खुद्द म्युनिकमध्ये २००५ पासून संध्याकाळी सहापर्यंत तंबूंत फक्त पितळी वाद्यांचे पारंपरिक संगीत आणि तेही ८५ डेसिबलच्या आत वाजते, म्हणजे म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि लहान मुलांना सोबत नेता यावे. मुंबईतल्या पार्ट्यांत या उत्सवाच्या नावाखाली कानठळ्या बसवणारे संगीत लावतात, तेव्हा मला खरोखर वाईट वाटते. तिथल्यासारखे एक लिटरचे मगही आणू नयेत, असे मी सुचवेन. आपल्या हवेत शेवटचा अर्धा लिटर कोमट होतो, आणि ज्याला पेल्याचा अंदाज नाही तो नकळत दुप्पट पितो. अर्ध्या लिटरचा पेला पुरे, आणि घरी जाताना गाडी कोणी चालवायची हे आधी ठरवावे.

प्रश्न : सोबत खायला काय करावे? आमच्याकडे निम्मे शाकाहारी आहेत. — एक वाचक, ठाणे

उत्तर : हा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला, कारण इथे बव्हेरिया आणि कोकण एकमेकांच्या अगदी जवळ येतात. ऑक्टोबरफेस्टमध्ये 'श्टेकेर्लफिश' नावाचा पदार्थ मिळतो. काठीला खोचलेला आख्खा मासा निखाऱ्यांवर भाजतात. पूर्वी तो तिथल्या तळ्यांतला आणि नद्यांतला असे, आता बहुधा मॅकरेल असतो, म्हणजे आपल्या बांगड्याचाच सागरी भाऊबंद. पावसाळ्यातली मासेमारीबंदी संपून ऑक्टोबरपर्यंत बाजारात उत्तम बांगडा आलेला असतो. त्याला आडव्या चिरा देऊन मीठ, लसूण, लिंबू, तेल आणि थोडे लाल तिखट चोळावे, तासभर ठेवावे, सळईला खोचून कोळशावर भाजावे. हळद आणि आगळ या एका दिवसापुरते बाजूला ठेवावे.

शाकाहारी मंडळींसाठी मुळा आणावा. तिथे लांब पांढरा मुळा एका अखंड स्प्रिंगसारखा पातळ चिरतात, पदर उलगडून आत मीठ भुरभुरतात आणि थांबतात. दहा मिनिटांत त्याला पाणी सुटते. मुळा 'रडला' की खायला घ्यायचा, असे बव्हेरियन म्हणतात. तिखटपणा उतरून तो गोडसर, कुरकुरीत होतो आणि बिअरबरोबर त्याच्याइतके चांगले दुसरे काही नाही. बटाट्याची कोशिंबीर करायची तर दक्षिण जर्मनीच्या पद्धतीने, मेयोनेजशिवाय करावी. उकडलेल्या बटाट्याच्या गरम चकत्यांवर भाज्यांचे कढत पाणी, व्हिनेगर, मोहरीची पेस्ट, तेल आणि बारीक कांदा घालून ती कोमट असतानाच वाढावी. प्रेटझेल, म्हणजे गाठीच्या आकाराचा खारा जर्मन पाव, चांगला मिळाला तर घ्यावा, नाहीतर इराण्याकडचा कडक ब्रून पाव आणि लोणी यांनी काम छान भागते.

आणखी एक प्रथा आपल्याला नक्की आवडेल. बव्हेरियातल्या पारंपरिक बिअर गार्डनमध्ये पेय तिथलेच घ्यावे लागते, पण खाणे घरून डब्यात नेता येते, आणि कुटुंबेच्या कुटुंबे टोपली उघडून, टेबलावर कापड पसरून बसतात. गच्चीवरही प्रत्येक घराने आपला डबा आणावा आणि लांब बाकांवर ओळखी-अनोळखीचा विचार न करता खेटून बसावे.

प्रश्न : आम्ही दोघेही साठी ओलांडलेले, मद्य घेत नाही. पण नात स्टुटगार्टला असते आणि तिच्यासोबत यंदा हा सण इथून साजरा करायची फार इच्छा आहे. कसा करावा? — एक वाचक दांपत्य, मुलुंड

उत्तर : आपल्या नातीचे शहर १९६८ पासून मुंबईचे भगिनीशहर आहे आणि त्याचा स्वतःचा उत्सव आहे, कान्श्टाटर फोल्क्सफेस्ट. १८१५ मध्ये इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला, त्याच्या राखेने पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच झाला नाही, पिके गेली, दुष्काळ पडला. त्यातून सावरल्यावर १८१८ मध्ये व्युर्टेंबेर्गचा राजा विल्हेल्म याने शेतकऱ्यांसाठी हा मेळा सुरू केला. मैदानाच्या मधोमध फळे आणि धान्य यांनी मढवलेला उंच स्तंभ आजही उभारतात. दसऱ्याला आपण आंब्याची पाने, झेंडू आणि भाताच्या लोंब्या दाराला बांधतोच. त्याच साहित्याचा एक छोटा स्तंभ टेबलावर करावा आणि नातीला दाखवावा. पिण्यासाठी 'आल्कोहोलफ्राय' लिहिलेली गव्हाची बिअर आणता येईल, मात्र जर्मनीत या नावाखाली अर्ध्या टक्क्यापर्यंत मद्यांश चालतो. तोही नको असेल तर सफरचंदाचा रस आणि सोडा समसमान मिसळून घ्यावा, तिथे घरोघरी हेच पितात. त्या दिवसांत जर्मनीचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. नातीने तिथे दुपारी बाराला पेला उचलला, तर मुलुंडला साडेतीनचा चहा व्हायचा असेल. पेला उचलताना 'प्रोस्ट' म्हणावे आणि एकमेकांच्या डोळ्यांत पाहावे. फोनवर तेवढे तिने कॅमेऱ्याकडे पाहिले म्हणजे झाले.