मोठ्या आरसी (रेडिओनं उडवायच्या) विमानाचं शेपटीचं चाक कसं बसवायचं? टेकऑफला विमान डावीकडे पळतं

तुमचं विमान पायपर कब या खऱ्या छोट्या विमानाची पाव मापाची प्रतिकृती, पंख २.७ मीटर, पेट्रोल इंजिन. नवीन टेलव्हील (शेपटीचं चाक) लावल्यापासून थ्रॉटल दिला की ते डावीकडे पळतं, उजवा रडर (शेपटीचा उभा, वळणारा भाग) दिला की एकदम उजवीकडे झेपावतं, आणि उतरल्यावर चाक फडफडतं. रडर आणि चाक जोडणाऱ्या स्प्रिंगा तारेसारख्या ताठ केल्या तरी फरक पडला नाही, असंही तुम्ही लिहिलंय. माझ्या मते गडबड त्या ताठ स्प्रिंगांतच आहे.

चाक वळवायचं काम साध्या तारेनंही झालं असतं. स्प्रिंग घालतात ती चाकाला बसणारा धक्का रडरपर्यंत आणि सर्वोपर्यंत (रडर हलवणाऱ्या छोट्या मोटरपर्यंत) पोचू नये म्हणून. माझ्या पहिल्या मोठ्या विमानात चाकाची तार थेट रडरमध्ये घुसवलेली होती. मुरमाच्या पट्टीवर उतरताना चाक एका दगडावर आदळलं. सर्वोचे दाते गेलेच, शिवाय रडरची खालची बिजागरी बाल्साच्या (हलक्या लाकडाच्या) तुकड्यासकट उपटून हातात आली. खऱ्या कबलाही रडर आणि शेपटीचं चाक स्प्रिंगांनीच जोडलेलं असतं, ते याचसाठी.

एक चाचणी करा. इग्निशन बंद ठेवून रिसीव्हर चालू करा, म्हणजे सर्वो रडर धरून ठेवेल. शेपूट जमिनीपासून थोडी उचला आणि एका बोटानं चाक बाजूला ढकला. चाक हटलं पाहिजे, रडर जागचा हलता कामा नये, आणि बोट काढलं की चाक आपसूक मध्यावर आलं पाहिजे. हटतच नसेल तर स्प्रिंग फार ताठ आहे. परत येताना अर्ध्यावर अडकत असेल तर स्प्रिंग ढिली आहे किंवा पिव्होट (चाक ज्या खुंटीवर वळतं ती) घट्ट बसतोय. मी रडर मध्यावर असताना दोन्ही बाजूंना सारखाच, अगदी थोडा ताण ठेवतो. पूर्ण रडर दिल्यावर सैल पडलेल्या बाजूचा हूक निसटायला नको, एवढं बघायचं. हुकाचं तोंड पक्कडीनं पूर्ण मिटवा.

आता ते झेपावणं. रडरच्या आडव्या दांडीवर स्प्रिंग बिजागरीपासून जितक्या अंतरावर अडकवली आहे, त्यापेक्षा चाकाच्या दांडीवर पिव्होटपासूनचं अंतर जास्त हवं. ते दुप्पट केलंत की चाक रडरच्या साधारण निम्म्या कोनात वळतं. टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, वळणं थोडी मोठी होतील, पण धावताना विमान अंगावर आल्यासारखं वागणार नाही. तुमच्या वर्णनावरून दोन्ही अंतरं सारखीच असावीत असं वाटतं, तेव्हा आधी हेच बदला.

फडफडण्याचं कारण बहुतेक वेळा पिव्होटच्या कलण्यात असतं. विमान टाकी भरून, बॅटरीसकट, सपाट फरशीवर उभं करा आणि मागच्या बाजूला दोऱ्याला नट बांधून ओळंबा सोडा. बाजूनं पाहिलं तर पिव्होटची उभी रेषा ओळंब्याला समांतर हवी, किंवा तिचं वरचं टोक किंचित मागे झुकलेलं चालेल. ते टोक पुढे झुकलं असेल तर चाक थरथरणारच. शेपटीचं चाक ज्यावर बसतं ती पट्टीची स्प्रिंग वजनानं सपाट होते तेव्हा नेमकं हेच होतं, म्हणून विमान हातात धरून केलेली तपासणी उपयोगाची नाही. पट्टी नरम पडली असेल तर बदला, किंवा तिच्याखाली पाचर घालून कोन सुधारा. पिव्होटमध्ये बोटाला जाणवेल इतका खेळ असेल तर तोही काढायलाच हवा.

ब्रॅकेट बाल्सात स्क्रूनं बसवू नका. आतून प्लायचा तुकडा इपॉक्सीनं चिकटवा आणि ब्लाइंड नटमध्ये (लाकडात आतून पक्का बसणारा नट) ३ मिलिमीटरचे बोल्ट घ्या. अ‍ॅक्सलवर कॉलरचा (चाक जागी धरणाऱ्या कड्याचा) ग्रब स्क्रू, म्हणजे डोकं नसलेला स्क्रू, जिथे टेकतो तिथे कानशीनं छोटा सपाट भाग करा, नाहीतर कॉलर फिरून चाक गळून पडतं. धातूच्या बोल्टांना थ्रेडलॉकचा (आटे सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब पुरतो. वजनाकडे लक्ष असू द्या: कबसारख्या लांब शेपटीत १० ग्रॅम वाढले की तोल साधायला नाकात २०-३० ग्रॅम शिसं घालावं लागतं.

डावीकडे पळणं मात्र चाक कितीही नीट बसवलं तरी पूर्ण जाणार नाही. इंजिनाचा टॉर्क आणि शेपूट खाली असताना प्रोपेलरची असमान ओढ, दोन्ही विमानाला डावीकडे नेतात. शेपूट झटक्यात उचलली तर त्यात फिरत्या प्रोपेलरमुळे येणारा जायरोचा धक्काही मिळतो. त्यात वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागे असल्यामुळे एकदा वळण सुरू झालं की ते वाढतच जातं. म्हणून टॅक्सी करताना आणि धाव सुरू करताना एलिव्हेटर (शेपटीचा आडवा, हलता भाग) वर ओढून धरा, म्हणजे शेपटीचं चाक जमिनीला दाबून राहील. थ्रॉटल तीन-चार सेकंद घेत वाढवा, थोडा उजवा रडर आधीच दिलेला असू द्या, आणि रडरला हवा लागायला लागली की एलिव्हेटर हळूहळू सोडा.

हे सगळं करून प्रोपेलर न लावता मैदानावर विमान हातानं २०-२५ पावलं ढकलून बघा. रडर मध्यावर असताना ते सरळ जायला हवं. गेलं नाही तर पुढच्या दोन चाकांची समांतर रेषाही तपासा.