'ड्राय गुड्स' म्हणजे कापडचोपड

प्रश्न : एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतल्या एका शेतकरी गावावरचा मराठी लेख वाचला. तिथल्या साप्ताहिकातली दुकानाची जाहिरात त्यात अशी दिली आहे : 'सुका माल, किराणा, बूट, टोप्या. लोणी-अंडी घेऊन माल देऊ.' सुका माल म्हणजे सुकामेवा का? की डाळ-तांदूळ? मग किराणा वेगळा का लिहिला असेल?

उत्तर : शेवटचा प्रश्न खरं तर अनुवादकालाच पडायला हवा होता. मूळ शब्द 'ड्राय गुड्स' आणि त्याचा अमेरिकेतला अर्थ कापडचोपड : ठाणातलं सुती कापड, फ्लॅनेल, चादरी, लेस, दोरा. सुक्या खाद्यपदार्थांशी त्याचा संबंध नाही. जीन्सवाला लेव्ही स्ट्रॉस १८५३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला गेला तो ड्राय गुड्सचाच घाऊक व्यापार करायला. त्याच्या चरित्रातही मी 'सुक्या मालाचा व्यापारी' असं वाचलं आहे, आणि दर वेळी तितकाच संताप येतो.

लोणी-अंड्यांचं सरळ आहे. शेतकऱ्याच्या हाती रोकड यायची ती पीक किंवा डुकरं विकल्यावर. एरवी घरची बाई लोणी-अंडी दुकानात घालायची आणि त्या बदल्यात कापड, साखर, कॉफी न्यायची. म्हणून गावोगावच्या जाहिरातींत ती ओळ असते.

आता 'ड्राय' का? काही कोशकार सांगतात की धान्यासारख्या मापाने मोजायच्या कोरड्या वस्तू, त्यावरून हा शब्द. ब्रिटिश वापरात तो अर्थ आहे हे मान्य. पण कापड कधी कुणी पायलीने मोजलं आहे? ते गजावर मोजतात. अमेरिकी शब्दाला हे मूळ चिकटवणं म्हणजे एकाची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर. माझं मत ठाम आहे : कोरडा माल हा ओल्या मालाच्या विरुद्ध. वसाहतींच्या बंदरांत एकीकडे कापडाचे गठ्ठे उतरायचे आणि दुसरीकडे रम, काकवी, वाइन यांची पिंपं. दुकानातही तेच दोन भाग : एका बाजूला कापडाचे ठाण, दुसऱ्या बाजूला पिंपं. अमेरिकी बोलीत दारूला 'वेट गुड्स' म्हणत. तो शब्द मागाहून गमतीने पाडला, असा आक्षेप घेतात. पण कोरड्याची जोडी ओल्याशी आहे हे ऐकणाऱ्याच्या मनात नसतं, तर ती गंमत कळली कुणाला असती?

याहून भक्कम पुरावा 'ग्रोसरी' या शब्दात आहे आणि तो मला फार आवडतो. 'ग्रोसर' म्हणजे मुळात 'ग्रोस', अर्थात ठोक माल विकणारा. लंडनचे मिरीचे व्यापारी चौदाव्या शतकात हे नाव लावू लागले. अमेरिकेच्या सरहद्दीवर, म्हणजे पश्चिमेकडच्या नव्या वस्त्यांत, मात्र यादवी युद्धापूर्वीच्या काळात 'ग्रोसरी' म्हणजे चक्क दारूचा गुत्ता! २१ ऑगस्ट १८५८ ला इलिनॉयमधल्या ऑटवा गावी लिंकन आणि सेनेटच्या जागेसाठीचा त्याचा प्रतिस्पर्धी डग्लस यांचा पहिला जाहीर वाद झाला. डग्लसने टोमणा मारला की लिंकन पूर्वी ग्रोसरी चालवायचा. लिंकनने उत्तर दिलं की आपण जगात कुठेही कधीही ग्रोसरी चालवलेली नाही. आजचा वाचक चक्रावतो : वाण्याचं दुकान चालवण्यात लाज कसली? लाज दुकानाची नव्हती, आरोप गुत्त्याचा होता. न्यू सेलम या खेड्यात बेरी आणि लिंकन यांचं दुकान होतं आणि १८३३ मध्ये त्यांच्या नावाने दारूविक्रीचा परवानाही निघाला होता, त्यामुळे तो टोमणा झोंबणाराच होता. किराण्याच्या बाजूला पिंपं इतकी ठरलेली होती की त्या शब्दालाच दारूचा वास लागला. मग समोरच्या कापडाला 'कोरडं' म्हटलं तर नवल काय?

पुढे 'ग्रोसरी' सभ्य झाली. १८८० च्या सुमाराच्या जाहिरातीत तिचा अर्थ साखर, चहा, कॉफी, मसाले असाच धरायचा. तिथे 'किराणा' किंवा 'वाणसामान' अगदी चपखल बसतं.

याच जाहिरातींत 'कॅलिको' भेटेल. ते छापील सुती कापड. तोवर ते मॅसॅच्युसेट्सच्या गिरण्यांत निघू लागलं होतं, पण नाव कालिकतचं, म्हणजे आपल्या कोळिकोडचं. कृपा करून त्याचं 'रंगीत वस्त्र' करू नका, कॅलिकोच ठेवा. 'क्वीन्सवेअर' दिसलं तर ती राणीची भांडी नव्हेत : वेजवुड या इंग्लिश कुंभाराने मलईरंगी चिनी मातीची भांडी केली, इंग्लंडच्या राणी शार्लटच्या नावावरून त्यांना ते नाव पडलं आणि पुढे कुणाच्याही तसल्या भांड्यांना ते चालू लागलं. 'नोशन्स' म्हणजे सुया, बटणं, रिबिनी, फण्या. त्याला बेलाशक 'कटलरी' लिहा. आपल्या बाजारपेठेत हा माल ज्या दुकानात मिळतो त्यावर हीच पाटी असते, इंग्रजी कोश कटलरीचा अर्थ काहीही देवोत.