पावसाळ्यापुरते घर आणि वर्षभराची सोबत

प्रश्न : मी ४४ वर्षांची असून नालासोपाऱ्यात एका खोलीच्या घरात पती आणि दोन मुलांसह राहते. माझे आई-वडील गुहागर तालुक्यातील आमच्या गावी एकटेच असतात. वडील ७९ वर्षांचे आहेत, आई ७३ वर्षांची. वडील गिरणीत होते आणि संपानंतर कायमचे गावी गेले, त्यामुळे निवृत्तिवेतन नाही. गेल्या ज्येष्ठात ते न्हाणीघराच्या दारात शेवाळावर घसरले. मोबाईलला रेंज नव्हती, आईला पावसात खालच्या वाडीपर्यंत जावे लागले आणि गाडी मिळेपर्यंत दोन तास गेले. आता भाऊ म्हणतो, पनवेलजवळच्या वृद्धाश्रमात ठेवू. मला वाटते, कर्ज काढून इकडेच त्यांच्यासाठी छोटी सदनिका घ्यावी, पण वडील मुलीच्या आसऱ्याला राहायला तयार नाहीत. गावातला चुलतभाऊ म्हणतो की घर आणि आंब्याची कलमे त्याच्या नावावर केली, तर तो दोघांना शेवटपर्यंत सांभाळील. आम्ही दोघे भावंडे मिळून महिन्याला बारा हजार रुपयांपेक्षा अधिक काढू शकत नाही. रात्री झोप लागत नाही. शृंगारतळीला आईची धाकटी बहीण राहते, ती अधूनमधून जाऊन येते, एवढाच काय तो आधार आहे.

उत्तर : तुमचे पत्र मी तीन वेळा वाचले आणि प्रत्येक वेळी शेवटच्या ओळीपाशी थांबले. तुम्ही मावशींचा उल्लेख जाता जाता केला आहे, पण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा धागा तिथूनच सुटेल. तुम्ही, तुमचे भाऊ आणि चुलतभाऊ असे तिघेही घराचा विचार करत आहात, कोणते घर, कोणाच्या नावावर, किती किमतीचे. मात्र त्या दिवशी तुमच्या आईंना छप्पर कमी पडले नव्हते, हाकेच्या अंतरावर माणूस नव्हता. म्हणून जिथे सकाळी दार उघडले नाही तर अर्ध्या तासात कोणीतरी येऊन कडी वाजवील, अशी जागा आपल्याला शोधायची आहे.

सदनिकेचा विचार सध्या बाजूला ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन. पंचवीस लाखांचे कर्ज वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतले, तर हप्ता महिन्याला सुमारे २१,७०० रुपये होतो. तुमची दोघांची मिळून ताकद १२,००० रुपयांची आहे, आणि त्या हप्त्यात औषधे, डॉक्टर, मदतीची बाई यांतले काहीच धरलेले नाही. शिवाय इतकी वर्षे खळ्यात आणि पडवीत वावरलेल्या माणसांना चौथ्या मजल्यावरच्या बंद दाराआड आणून ठेवले की काय होते, हे मी घरात पाहिले आहे. माझ्या आईला मी अशीच राजापूर तालुक्यातून ठाण्याला आणली होती. गडग्यापलीकडच्या दहा जणांशी रोज बोलणारी ती बाई माझ्याकडे दुपारभर खिडकीपाशी बसून राही, आणि संध्याकाळ झाली की एकच विचारी, तिकडे आता दिवा कोण लावत असेल. तिला मी सगळे दिले होते, पण तिची माणसे मी तिच्यापासून दूर केली होती, आणि हे समजायला मला दोन वर्षे लागली.

तुमचे वडील गिरणी कामगार होते, यावरून एक गोष्ट विचारते. संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला, आणि १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर कामावर असलेले कामगार किंवा त्यांचे वारस म्हाडाच्या गिरणी कामगार घरांच्या योजनेत पात्र धरले जातात. वडिलांनी पूर्वी अर्ज भरला होता का, पात्रतेसाठी लागणारी ओळखपत्र, हजेरीपत्रक किंवा भविष्यनिर्वाह निधीची कागदपत्रे कुठे आहेत, हे त्यांच्याकडून आताच समजून घ्या आणि एका पिशवीत नीट ठेवा. तो त्यांच्या घामाचा हक्क आहे आणि तो सोडू नये. मात्र त्या घराच्या आशेवर यंदाच्या पावसाळ्याचा निर्णय लांबवू नका. घर मिळायला कितीही काळ जाऊ शकतो, आणि न्हाणीघराच्या दारातले शेवाळ त्याची वाट पाहणार नाही.

चुलतभावांच्या प्रस्तावाविषयी मला काळजी वाटते. त्यांचा हेतू चांगलाही असेल, मी त्यांच्यावर आरोप करत नाही. पण सांभाळण्याच्या बदल्यात हयातीतच घर नावावर करून देणे, हा कोकणातल्या कितीतरी वृद्धांना पुढे परका करून टाकणारा व्यवहार आहे. पहिली गोष्ट, सातबारा सामाईक असेल तर वडिलांना स्वतःच्या हिश्शापलीकडे काही देताच येणार नाही. ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, हेही ध्यानात असू द्या. दुसरी गोष्ट, आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणासाठी २००७ साली जो कायदा झाला, त्याच्या कलम २३ नुसार बक्षीसपत्रात सांभाळण्याची अट असेल आणि ती पाळली गेली नाही, तर न्यायाधिकरण तो व्यवहार रद्दबातल ठरवू शकते. अट तोंडी राहिली आणि कागदावर उतरली नाही, तर तुमच्या वडिलांना ऐंशीव्या वर्षी ती सिद्ध करत बसावे लागेल. चुलतभावांनी खरोखर मदत केली तर त्यांना काही मिळावे, असे वडिलांना वाटत असल्यास मृत्युपत्र करता येते. ते हयातीत केव्हाही बदलता येते आणि तोवर घराची किल्ली वडिलांच्याच कमरेला राहते. बक्षीसपत्रावर सही मात्र कोणाच्याही आग्रहाखातर होऊ देऊ नका.

वृद्धाश्रमाचे नाव काढल्याबद्दल भावावर रागावू नका. तो पर्याय वाईट नसतो, आणि काही माणसे तिथे घरापेक्षा अधिक सुखाने राहतात. पण तुमचे आई-वडील दोघे आहेत, एकमेकांना धरून चालणारे आहेत आणि वडील तुमच्याकडेही यायला तयार नाहीत, म्हणून आज तो पहिला पर्याय नव्हे. पुढे वेळ आलीच तर पती-पत्नीला एकाच खोलीत ठेवतात का, अंथरुणाला खिळल्यावर ठेवून घेतात की परत पाठवतात, अनामत रक्कम परत मिळते का, हे सगळे लेखी घ्या, आणि न कळवता भर पावसात एकदा तिथे जाऊन या.

आता माझे म्हणणे सांगते. गावचे घर आहे तसे राहू द्या. पावसाचे जे चार महिने खरे धोक्याचे असतात, तेवढ्यासाठी शृंगारतळीला मावशींच्या घरापासून चालत जाता येईल अशा अंतरावर तळमजल्याच्या दोन खोल्या भाड्याने घ्या. चिपळूण-गुहागर रस्त्यावरची ती बाजारपेठ आहे, तिथे दवाखाना आणि औषधांचे दुकान जवळ मिळते, गाडी मिळायला दोन तास लागत नाहीत आणि गावची माणसे बाजाराला येतात ती घरात डोकावून जातात. चिपळूणचा मोह तुम्हाला होईल, कारण तिथे रेल्वे आहे, कामथे येथे उपजिल्हा रुग्णालय आहे आणि पुढे डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे. तरीही ओळखीचे कोणी नसलेल्या चिपळूणपेक्षा बहीण असलेली शृंगारतळी मी निवडेन. चिपळूणच घ्यायचे ठरले, तर २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचे पाणी त्या इमारतीत कुठवर आले होते, हे घरमालकाला नव्हे तर शेजाऱ्यांना विचारा. घर घेताना भाडेकराराची नोंदणी करून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. चार महिन्यांसाठी कोण देणार, असा प्रश्न पडेल. कोणी वर्षासाठीच देत असेल तर वर्षाचे भाडे विचारून हिशेब करा, कदाचित तेही कर्जाच्या हप्त्यापुढे थोडे वाटेल.

वडिलांना हे पटवताना घर सोडायचे आहे, असे म्हणू नका. कोकणातल्या माणसाला घर बंद होणे म्हणजे शिमग्याला दारी आलेल्या पालखीला बंद दार दिसणे वाटते, गणपतीला मखर रिकामे राहणे वाटते. तुम्ही त्यांना सांगा की पाऊस धरला की खाली यायचे आणि गणपतीआधी वर जायचे. गणपतीत चाकरमानी येतात, घर भरलेले असते, तेव्हा त्यांना तिथेच असू द्या, आणि नंतर पाऊस पुरता जाईपर्यंत पुन्हा शृंगारतळी. बाकीचे महिने त्यांचे घर त्यांचेच.

त्या बाकीच्या महिन्यांसाठी वाडीतल्या एखाद्या विश्वासू बाईला पगारावर ठेवावे लागेल. सकाळ-संध्याकाळ येणे, पाणी भरणे, आईला हात देणे आणि दोघांना डोळ्यांनी पाहून तुम्हाला फोन करणे एवढे तिचे काम. हे उपकार म्हणून मागू नका, नोकरी म्हणून द्या, ठरल्या तारखेला पगार द्या आणि सुट्टीही द्या. लावणीच्या दिवसांत ती स्वतःच्या शेतात जाईल, हे आधीच गृहीत धरा. नेमक्या त्याच दिवसांत आई-वडील शृंगारतळीला असतील, म्हणूनही मला ही योजना बरी वाटते. न्हाणीघराची वाट खडबडीत करून घ्या, भिंतीला धरायला पाईप बसवा, कमोडची खुर्ची आणा आणि रात्री वीज गेली तरी पेटेल असा दिवा पडवीत लावा. गावच्या आशाताईंचा, म्हणजे आरोग्यसेविकेचा, आणि पोस्टमनचा नंबर तुमच्याकडे असू द्या.

पैशांच्या बाजूने काही गोष्टी लगेच होण्यासारख्या आहेत. ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला उत्पन्न कितीही असले तरी आयुष्मान भारत योजनेत वर्षाला कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयातील उपचार मिळतात. दोघांचीही कार्डे आधारच्या साहाय्याने आत्ताच काढा, पडल्यानंतर धावपळ करू नका, आणि जवळचे कोणते रुग्णालय योजनेत आहे हे आधी विचारून ठेवा. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत बसत असेल तर श्रावणबाळ योजनेतून ६५ वर्षांवरील व्यक्तीला दरमहा १,५०० रुपये मिळतात. त्यासाठी तहसील कार्यालयात उत्पन्नाच्या दाखल्यासह अर्ज करावा लागतो. ७५ वर्षे झाल्यामुळे वडिलांना एसटीचा प्रवास विनामूल्य आहे आणि आईंना अर्ध्या तिकिटात. अडचणीच्या वेळी ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा क्रमांकही घराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

भावाशी बोलणे टाळत असाल तर आता टाळू नका. लग्न झालेल्या मुलीचा आई-वडिलांच्या बाबतीत काय अधिकार, हा संकोच तुमच्या पत्रात जागोजागी जाणवतो. वर सांगितलेल्या कायद्यात मुलगा आणि मुलगी असा भेद नाही, पालन करण्याची जबाबदारी दोघांचीही आहे, आणि जबाबदारी आहे तिथे बोलण्याचा हक्कही आहे. कोणी किती द्यायचे हे कागदावर लिहा, रक्कम महिन्याच्या पाच तारखेपर्यंत आईच्या खात्यात जमा होऊ द्या, आणि कोण किती वेळा गावी जाणार तेही त्याच कागदावर लिहा. ज्याच्याकडे पैसे कमी आहेत त्याच्याकडे कदाचित रजा जास्त असेल. तिकीट काढून चार दिवस जाऊन येणे हाही वाटा आहे, आणि तो वाटा म्हणून धरला गेला पाहिजे.

शेवटी एक गोष्ट, जी मला तुमच्या पत्रात शोधूनही सापडली नाही. वडिलांचे म्हणणे आहे, भावाचे आहे, चुलतभावांचे आहे, तुमचे आहे. आईंचे कुठेच नाही. त्या दिवशी पावसात धावत खालच्या वाडीला गेल्या त्या आई, वडिलांना उचलून बसवतात त्या आई, आणि ७३ व्या वर्षी दोघांचा संसार एकट्या ओढतात त्याही आईच. मावशींना फोन करण्यापूर्वी, खोल्या पाहण्यापूर्वी, एकदा एकट्याच गावी जा, वडील दुपारचे झोपले असतील तेव्हा आईंबरोबर माजघरात बसा आणि त्यांना विचारा की त्यांना कुठे राहायचे आहे. त्या आधी म्हणतील, मला काय, ते म्हणतील तिथे. त्यानंतरही उठू नका, थोडा वेळ तशाच बसून राहा.