ऑपरेशनच्या सकाळी फिटची गोळी: आमची चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून

ताई, तुम्ही ऐरोलीहून विचारलंय की भावाचं पित्ताशयाचं ऑपरेशन आहे, रात्री बारापासून पोट रिकामं ठेवायला सांगितलंय, मग त्याच्या फिटच्या गोळीचं काय करायचं. हे मी आमच्या वेळी विचारलं नाही, म्हणून लिहितेय.

आमच्या ह्यांना लेव्हेटिरासिटाम ही फिटची गोळी चालू, सकाळ-रात्र. अडीच वर्षं एकही फिट नव्हती. हर्नियासाठी ठाण्यातल्या एका रुग्णालयात ठेवलं. रात्री उशिराची गोळी काढली, तर वॉर्डात म्हणाले, "एनबीएम आहे (म्हणजे तोंडाने काही नाही), काही म्हणजे काही द्यायचं नाही." मी निमूटपणे स्ट्रिप पर्समध्ये ठेवली. सकाळी नऊचं ऑपरेशन दुपारी अडीचवर गेलं. दोन डोस बुडाले. भूल उतरता उतरता फिट आली, आणि शुद्धीवर यायच्या आत दुसरी. तीन दिवस आयसीयू.

जाब विचारला, तर वॉर्ड म्हणे भूलवाल्यांना विचारा, ते म्हणे सर्जनना. तक्रारीचा कागद ठेवून घेतला, पोच दिली नाही. केसपेपरवर 'एपिलेप्सी' ठळक लिहिलं होतं, गोळीच्या वेळा मात्र कुठेच नव्हत्या. अजून राग जात नाही.

आमच्या न्यूरोंनी (मेंदूविकाराच्या डॉक्टरांनी) नंतर सांगितलं की फिटची गोळी सहसा त्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर देतात. तोंडाने चालणार नसेल तर लेव्हेटिरासिटाम शिरेतूनही देता येतं. मी डॉक्टर नाही, भावाचं त्याचे न्यूरो आणि भूलतज्ज्ञ ठरवतील. पण दाखल व्हायच्या आधी विचारा आणि उत्तर फाइलमध्ये लिहूनच घ्या. माझ्या मते तोंडी "बघू" म्हणजे नाहीच.

दुखण्यावर ट्रामाडॉल देणार का, तेही विचारा. त्याने फिटचा धोका वाढतो. कंपनी बदलायला नको म्हणून नेहमीच्याच गोळ्या घरून न्या. कॉटचे कठडे वर हवेत, ऑक्सिजन आणि सक्शन (तोंडातली लाळ ओढून घेणारं यंत्र) हाताशी हवं. फिट आलीच तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेली तर ती इमर्जन्सी, तेव्हा कोणतं इंजेक्शन द्यायचं हे नर्सताईंना आधीच ठाऊक हवं.

आणि भावाला दोन औषधं पुऱ्या डोसमध्ये घेऊनही महिन्याला फिट येते म्हणताय, तर नुसतं तिसरं औषध वाढवत बसू नका. फिटसाठी मेंदूच्या ऑपरेशनचा विचार होऊ शकतो का, हे न्यूरोंना स्पष्ट विचारा. परळच्या केईएममध्ये ती शस्त्रक्रिया होते. सगळ्यांना ती चालत नाही, व्हिडिओ ईईजी (व्हिडिओ चालू ठेवून काढलेला मेंदूचा आलेख) आणि एमआरआय बघूनच ठरतं. आधी पित्ताशयाचं निभावू दे.