ईसीटीतली फिट आणि अपस्माराची फिट सारखीच असते का?

तुमच्या आईंना ईसीटी (मेंदूला थोडा करंट देऊन मुद्दाम फिट आणायचा मानसिक आजारावरचा उपचार) सुचवली आहे आणि तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: त्यातली फिट अपस्मारासारखीच असते का, आणि पुढे त्यांना अपस्मार जडेल का. मी भूलतज्ज्ञ आहे. ईसीटीच्या वेळी पेशंटच्या उशाशी मीच उभी असते, म्हणून लिहिते.

मेंदूत जे घडतं ते जवळजवळ तेच. अपस्माराचे प्रकार पुष्कळ. कुणी नुसतं शून्यात बघत राहतं, कुणाचा एकच हात उडतो. ईसीटीशी जुळते ती सर्वांगाला येणारी मोठी फिट. आधी ताठरपणा, मग झटके. ईईजीवर, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखावर, आधी दाट टोकदार लहरी, नंतर टोकदार आणि संथ लहरींची जोडी, आणि शेवटी रेघ सपाट. रक्तातलं प्रोलॅक्टिन हे हार्मोन दोन्हींत वाढतं. शुद्धीवर आल्यावरचा गोंधळ आणि डोकेदुखीही तीच.

पण तुम्ही खोलीत असलात तर तुम्हाला फिट दिसणारच नाही. पेशंट भुलीखाली असतो आणि सक्सिनिलकोलीन या औषधाने स्नायू सैल केलेले असतात. म्हणून आम्ही एका घोट्यावर बीपीचा पट्टा आधीच फुगवून ठेवतो; औषध त्या पावलापर्यंत पोचत नाही. मेंदूत मोठी फिट चालू असते आणि बाहेर हलतं ते तेवढं पाऊल. आम्ही त्या पावलाकडे आणि ईईजीकडे बघत सेकंद मोजतो. ऑक्सिजन सतत चालू असतो. दातांमध्ये रबरी गार्ड असतो, कारण करंट जबड्याच्या स्नायूंना थेट आवळतो. घरात किंवा रस्त्यात फिट आलेल्या माणसाला यातलं काहीच मिळत नाही. पडणं, जीभ चावणं, श्वास अडणं हे धोके तिथले.

ही फिट साधारण २० ते ६० सेकंद चालते. लांबली तर शिरेतून औषध देऊन आम्ही ती थांबवतो.

आता खरी भीती. अपस्माराचं निदान होतं ते बाहेरचं काही कारण नसताना, २४ तासांपेक्षा जास्त अंतराने दोनदा फिट आली तर. ईसीटीची फिट आपण मुद्दाम आणलेली, ती या हिशेबात धरत नाहीत. १९६०च्या दशकात उंदरांच्या मेंदूला रोज थोडा करंट दिल्यावर त्यांना फिट येऊ लागल्या, तिथून ही शंका आली. ईसीटीच्या पेशंटमध्ये उलटंच दिसतं. कोर्स पुढे सरकतो तशी फिट आणायला बहुधा जास्त करंट लागतो. औषधांनी न थांबणाऱ्या अपस्मारात क्वचित ईसीटीच वापरली गेली आहे, ती यामुळेच. उपचारानंतर काही वेळाने आपोआप फिट येणं अगदी विरळ, पण घडतं. म्हणून नंतरही लक्ष ठेवतात.

गंमत म्हणजे ईसीटीची सुरुवातच दोन आजारांच्या तुलनेतून झाली. अपस्मार आणि स्किझोफ्रेनिया एकमेकांना मारक आहेत असं समजून हंगेरीतले मनोविकारतज्ज्ञ मेडुना यांनी १९३४ मध्ये कापराचं इंजेक्शन देऊन फिट आणल्या; वीज वापरली १९३८ मध्ये रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी. तो समज टिकला नाही, उपचार टिकला.

आईंना पूर्वी कधी फिट आली होती का, हे डॉक्टरांना नक्की सांगा. व्हॅल्प्रोएट, कार्बामाझेपिन (ही फिट रोखणारी औषधं) किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर फिट नीट येत नाही. दम्यासाठी थिओफिलिन असेल तर ती लांबू शकते. स्वतःहून मात्र कुठलीही गोळी बंद करू नका, डोस आम्ही ठरवू.