औषधाने घर धुतले, तरी प्लेग का राहिला?

प्रश्न : १८९६ नंतर मुंबईत प्लेगचा रोगी सापडला की घर औषधाने धूत, कौले काढून ऊन आत घेत. तरीही साथ दरवर्षी का परतायची?

उत्तर : फवारणीसाठी बहुधा रसकापूर (पाऱ्याचा विषारी, जंतुनाशक क्षार) वापरत, १००० भाग पाण्याला १ भाग. त्याने भिंतीवरचे जंतू मरत, पण रोग भिंतीतून येतच नव्हता. तो उंदरांच्या पिसवांतून येई आणि पिसवांना या पाण्याने फारसे काही होत नसे.

हे १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत प्लेग संशोधन आयोगाने गिनीपिगांवर पक्के केले. पिसवा नसतील तर रोगी आणि निरोगी प्राणी एकत्र ठेवूनही लागण होईना. पिसवा असलेल्या खोलीत पिंजरा जमिनीपासून २ इंचांवर टांगला की प्राणी आजारी पडे, २ फुटांवर टांगलेला वाचे. पिसू ४-५ इंचांपलीकडे उडी घेऊ शकत नाही, इतके साधे कारण. हवा मात्र दोघांना सारखीच मिळत होती. धुतलेल्या घरांत सोडलेले गिनीपिगही प्लेगने मेले. माझ्या मते फवारणीच्या विरोधात याहून मोठा पुरावा नको.

‘उंदीर पडायला लागले’ ही लोकांची खूण अगदी अचूक होती. उंदीर मेला की त्याच्या पिसवा उपाशी राहतात आणि सुमारे ३ दिवसांनी माणसाकडे वळतात. जंतूंनी पिसवेचा अन्नमार्ग बुजतो. भुकेने ती पुन्हापुन्हा चावते आणि अडकलेले रक्त जंतूंसह जखमेत ओकते. त्यामुळे उंदरांतील साथीनंतर १०-१४ दिवसांनी माणसांतली सुरू होई. हेच दिवस हाती असत.

तेवढ्यात करायचे ते असे : मेलेल्या उंदराला हात लावायचा नाही. त्यावर आधी रॉकेल ओतायचे, म्हणजे पिसवा तिथेच मरतात. मग चिमट्याने उचलून जाळायचा. शेपटी धरून रस्त्यात भिरकावला तर पिसवा वाटेत विखुरतात.

घर सोडून झोपड्यांत जाणे फवारणीपेक्षा कितीतरी उपयोगी होते, कारण उंदीर मागे राहत. फसायचे ते अंथरुणे आणि धान्याची पोती तशीच नेल्यामुळे; पिसवा सोबतच जात. अंथरूण तापलेल्या जमिनीवर कडक उन्हात पातळ पसरावे लागे. गठ्ठा करून ठेवले तर आतल्या थरांपर्यंत ऊन पोचत नाही.