पेटी उघडली की कॉर्न स्नेक हातावर झेपावतो. त्याला जास्त खायला द्यावं का?

तुम्ही लिहिलंय की पाळलेला कॉर्न स्नेक (उत्तर अमेरिकेतला बिनविषारी साप) दीड वर्षाचा आहे, वजन सुमारे २५० ग्रॅम, आठवड्याला एक उंदीर खातो आणि तरी तिसऱ्याच दिवशी झाकण हललं की हातावर येतो. त्याचं पोट भरत नाहीये का?

भरतंय. खाणं वाढवू नका. कॉर्न स्नेक आणि किंग स्नेक झेपावतात ते पोट रिकामं असतं म्हणूनच असं नाही. संधी दिसली की झेपावतात. रानात पुढचं भक्ष्य कधी मिळेल याचा भरवसा नसतो, म्हणून समोर आलेलं सोडायचं नाही हा त्यांचा स्वभाव. बॉल पायथन महिनोन्‌महिने तोंड फिरवून बसतो आणि मालकाच्या जिवाला घोर लावतो. त्यापेक्षा तुमची अडचण कितीतरी बरी. शिवाय तुमची पेटी बहुतेक खाणं द्यायलाच उघडत असणार. साप एवढं नक्की शिकतो.

किती द्यायचं ते वजनकाट्यावर ठरवा. पिल्लांना शरीराच्या वजनाच्या साधारण १० टक्के, दर ५ ते ७ दिवसांनी. तुमच्या सापाला २० ते २५ ग्रॅमचा एक उंदीर (माऊस, रॅट नव्हे) ७ ते १० दिवसांनी. पूर्ण वाढलेल्या कॉर्न स्नेकला एक मोठा उंदीर १० ते १४ दिवसांनी पुरतो. उंदराचा सर्वांत जाड भाग सापाच्या मधल्या जाडीएवढा किंवा फार तर दीडपट असावा. महिन्यातून एकदा, खाणं देण्याआधी, झाकणाच्या डब्यात घालून वजन करा आणि लिहून ठेवा. लठ्ठपणा हळूहळू येतो, रोज बघणाऱ्याला तो दिसत नाही. वळताना कातडीला घड्या पडणं, पोटात काही नसतानाही खवल्यांमधली कातडी दिसणं, शेपटीच्या मुळाशी शरीर एकदम पायरीसारखं बारीक होणं, ही त्याची चिन्हं. हावऱ्या सापाला उपासमारीपेक्षा धोका याचाच जास्त, कारण तो कधी नाही म्हणत नाही आणि चरबी पुढे यकृतावर जाते.

आता हाताचं. आधी झेप भुकेची की भीतीची ते ओळखा. घाबरलेला साप शेपटी थरथरवतो, चावून लगेच सोडतो आणि मागे सरतो. भुकेच्या झेपेत जीभ भराभर आत-बाहेर होते, डोकं तुमच्या हालचालीमागे फिरतं आणि पकडलं की तो सोडत नाही, विळखा घालतो. तुमच्याकडे हा दुसरा प्रकार दिसतोय, आणि त्यावर इलाज आहे: खुणेची सवय. खाण्याचा दिवस नसेल तेव्हा पेटी उघडल्यावर हात घालण्याआधी सापाच्या पुढच्या तृतीयांश अंगाला स्नेक हुकने (साप उचलायची आकडीदार काठी) हलकेच दोन-तीनदा स्पर्श करा. हुक नसेल तर कागदी टॉवेलची गुंडाळी चालते. डोकं दुसरीकडे वळलं, जीभ मंदावली, शरीर सैल झालं की मागच्या बाजूने, शरीराच्या मध्यावर हात घालून उचला. तोंडासमोरून कधीच नाही. खाण्याच्या दिवशी हुक लावायचा नाही. स्पर्श म्हणजे खाणं नाही, हे समीकरण काही आठवड्यांत बसतं. मात्र एकदा लावला, एकदा नाही असं केलंत तर बसणार नाही. अधूनमधून नुसतं पाणी बदलायला, साफसफाईलाही पेटी उघडा. खाण्यासाठी वेगळ्या डब्यात हलवायचा जुना सल्ला मला पटत नाही: भरल्या पोटाने उचलावं लागतं, आणि त्या वेळी तो सर्वांत जास्त चवताळलेला असतो.

खाण्यासाठी उंदीर फ्रोझन, म्हणजे मारून गोठवलेलाच आणा आणि वितळवून द्या. जिवंत उंदीर सापाला चावून जखमी करतो. रात्रभर फ्रिजमध्ये पिशवीत वितळवा, मग पिशवीसकट कोमट पाण्यात १५-२० मिनिटं. पोट दाबून आत गारठा नाही ना ते बघा. मायक्रोवेव्ह नको, एक भाग शिजतो, दुसरा गार राहतो आणि पोट फुटतं. पाण्याचं भांडं आधीच भरून ठेवा, हात साबणाने धुवा, कारण उंदराचा वास लागलेला हात सापाला उंदीरच वाटतो. ३० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब चिमटा घ्या, टोकं रबराची असलेली बरी. झेपेत धातूवर दात आपटतात. उंदीर कमरेपाशी धरा, बाजूने पुढे करा, पकडला की लगेच सोडा, ओढाओढ नको. इतक्या उतावळ्या सापाला फरशीच्या तुकड्यावर उंदीर ठेवून झाकण लावलं तरी काम होतं. गिळून झाल्यावरही तो बराच वेळ शोधत फिरतो. त्या रात्री हात आत घालू नका, आणि पुढचे ४८ तास उचलू नका.

चावून धरलाच तर हात खेचू नका. दात मागे वळलेले असतात. खेचल्याने तुमची जखम वाढते आणि त्याचे दात तुटून तोंडात संसर्ग होऊ शकतो. थोडं थांबा. नाही सोडलं तर डोक्यावर गार पाणी सोडा, विळखा शेपटीकडून उलगडा. नंतर जखम साबणाने धुवा.

खाण्याची घाई करून काय बिघडतं ते म्हणजे उलटी. कारणं ठरलेली: उंदीर मोठा, दोन खाण्यांत अंतर कमी, लगेच उचलणं, किंवा पेटी थंड. उबदार बाजू थर्मोस्टॅटवर २८ ते ३० अंश सेल्सिअस हवी. त्याखाली पचनापेक्षा कुजणं पुढे जातं. उलटी झाली तर तो कितीही झेपावला तरी १० ते १४ दिवस काही देऊ नका, फक्त पाणी. पोटाच्या अस्तराला सावरायला वेळ लागतो. मग नेहमीच्या निम्म्या आकाराचा उंदीर द्या. पुन्हा उलटली तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पशुवैद्याकडे विष्ठेसह न्या, विशेषतः शरीराच्या मध्यावर न जाणारी सूज असेल तर. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी असं करतो.

खाणं वेळेवर, भूक दांडगी आणि तरी वजनाची नोंद खाली जातेय, असं दिसलं तरी विष्ठा तपासून घ्या.